उंटाच्या पट्टीतलं प्यादं

लिंबायत, सुरत
मंगळवार, २० मे १९९७

चेतन,

तुझा पत्ता शालिग्रामने दिला. राजीखुशीने दिला नाही. आपल्या गावचा म्हणून मीच त्याला शेठच्या लूमच्या खात्यात लावलं, चार लूम चालवायला दिले, आणि तो मला म्हणतो, "माले माहीत नही." मग मी त्याची मान चालू लूमच्या कडेला दाबून धरली. धोटा कानाजवळून सटासट ये-जा करायला लागला तेव्हा ओरडला, "आरे भाऊ सोड, सांगस ना! पिंप्राळाले राहस तो, छापखानामां जास!" बाकीचे पंधरा जण बघत उभे होते. एकाचाही हात मध्ये आला नाही. मी मास्टर आहे तिथला. लूम बिघडला की मी दुरुस्त करतो आणि माणूस बिघडला की तोही मीच दुरुस्त करतो. शेठने मला त्याचसाठी ठेवलंय.

आठ वर्षांत तुला एक पत्र लिहिलं नाही. आजही लिहिलं नसतं. पण माझी बायको आणि माझी पोरगी तुझ्या घरात आहेत. सात तारखेला सकाळी मी पाळीवर गेलो आणि संध्याकाळी आलो तर दाराला कुलूप. शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, जळगावच्या गाडीत बसवून दिलं. म्हातारीचं वय आड आलं, नाहीतर तिलाही विचारलं असतं.

ताराने तुला काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. तिचा हात नळावर घसरून मोडला. नळाजवळ शेवाळ असतं, बायका रोज पडतात. इथल्या डॉक्टरला तिने स्वतःच्या तोंडाने तसं सांगितलंय, कागदावर आहे.

तू तिचा दीर आहेस, बाप नाहीस. योगिता अकरा वर्षांची आहे, तिची शाळा इथे आहे. पुढच्या मंगळवारपर्यंत दोघींना गाडीत बसवून दे. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि तुला मी वाढवलं, हे लोकांना मी सांगत फिरत नाही. तुला मात्र सांगतो.

हिलाल

मंगळवार, २७ मे १९९७

चेतन,

गाडी आली आणि गेली. मी उधन्याच्या फलाटावर दोन तास उभा होतो. नवी शर्टपँट घातली होती, ते बघून चहावाला म्हणाला, "मास्टर, कोण आवे छे?" मी त्याचा चहा त्याच्याच अंगावर ओतला.

तू गप्प बसून मला शिक्षा देतोयस का? कानाचा हिशेब चुकता करतोयस? तर मग तेही बोलून टाकू या. त्या दिवसाचं तू जगभर काय सांगितलंस कोण जाणे. मी काय सांगतो ते ऐक.

एकोणनव्वद साल. आजच्यासारखाच सुट्टीचा मंगळवार. खात्याच्या ओट्यावर पट मांडलेला, चाळीस माणसं भोवती. मी लिंबायतपासून उधन्यापर्यंत कुणाला हरलो नव्हतो आणि तू पंधरा वर्षांचा. शेवटाला माझा राजा आणि एक प्यादं उरलं होतं, वजीराच्या पट्टीत, दोन घरं बाकी. तुझा राजा लांब पलीकडच्या कोपऱ्यात आणि एक घोडा अडगळीत पडल्यासारखा दुसऱ्या कोपऱ्यात. डाव माझा होता. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. मग तू तो घोडा उचललास आणि माझ्या राजाला शह देत थेट माझ्या प्याद्याच्या तोंडात ठेवलास. मी खाल्ला. फुकटचा घोडा कोण सोडतो?

आणि तू हसलास.

हातून घोडा पडला, डाव गेला, तर माणसाने मान खाली घालावी. वर हसायचं, आणि म्हणायचं की मी मुद्दाम दिला! चाळीस माणसांसमोर मोठ्या भावाला येडा ठरवायचं. माझ्या हाताशी पिकिंगचा दांडा होता, तोच, धोट्याला फटका मारतो तो लाकडी. एकच मारला. कानावर बसेल असं मला वाटलं नव्हतं. तू मान फिरवलीस म्हणून कानावर बसला.

मी खोटं बोलणाऱ्याला मारलं. लहान भावाला मारलं असं नाही. हा फरक तुला आठ वर्षांत कळला नाही, म्हणून लिहितोय.

दोघींना पाठव.

हिलाल

बुधवार, ४ जून १९९७

चेतन,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. "वहिनीचा हात प्लास्टरमध्ये आहे. योगिताचं नाव इथल्या शाळेत घालतोय. तुम्ही येऊ नका." खाली सहीसुद्धा नाही. कोणाला विचारून नाव घालतोस? बापाच्या जागी कोणाचं नाव लिहिलंस?

ते राहू दे. आज मी खुशीत आहे, कारण आपला निकाल लागलाय. मी लावलेला नाही, मशीनने लावलाय.

शेठने मार्केटात डिझाइनचं ऑफिस काढलंय. साड्यांची बुट्टी आता कागदावर काढत नाहीत, कॉम्प्युटरवर काढतात. तिथे राहुल नावाचा पोरगा बसतो, परभणीकडचा, चोवीस-पंचवीसचा असेल. त्याच्या मशीनमध्ये बुद्धिबळाचा प्रोग्रॅम आहे. मागच्या महिन्यात पेपरात आलं होतं ना, जगज्जेत्या माणसाला मशीनने हरवलं म्हणून? ते मोठं मशीन, हे त्याचं लांबचं नातेवाईक. काल सुट्टी होती म्हणून गेलो आणि म्हटलं, एक डाव मांड.

आधी मी त्याला विचारलं, हे ठरवतं कसं? डोकं तर नाही याला. राहुल म्हणाला, "डोकं नाही मास्टर, चिकाटी आहे." प्रत्येक चाल ते करून बघतं, मग समोरच्याचं प्रत्येक उत्तर, मग त्यावर आपलं. एखादी वाट वाईट निघाली की पुढे खणत बसत नाही, तिथेच तोडतं. आधी पाहिलेला पट दुसऱ्या वाटेने पुन्हा समोर आला तर ओळखतं, पुन्हा मोजत नाही. पटावर मोहरे कमी उरले की फांद्या कमी, म्हणून शेवटाला ते फार खोल जातं. आणि अगदी चारपाच मोहरे उरले तर मोजायचीही गरज नाही. कोणीतरी आधीच जिथे मात बसते तिथून उलटं उसवत येऊन सगळ्या पटांचे निकाल लिहून ठेवलेत. मला ते आवडलं. आपणही कापडात गाठ कुठे पडली ते शेवटापासूनच उसवत शोधतो.

एक गोष्ट मात्र गमतीची. त्याने मला एक हरत आलेला डाव दाखवला. मशीन उगाच प्यादं देतं, मग दुसरं देतं, मग हत्ती शह देऊन फुकट मारून घेतं. मी म्हटलं, हा काय येडेपणा? राहुल म्हणाला, "त्याला समजा दहा चालींपर्यंतच दिसतं. मात दहाव्या चालीवर दिसली की ते काहीतरी देऊन ती अकरावीवर ढकलतं. दिसेनाशी झाली की त्याला वाटतं टळली." मी पोट धरून हसलो.

मग आपला डाव मांडला. एकेक मोहरा मला पाठ आहे. राहुलने घोडा प्याद्याच्या तोंडात ठेवला, मी सांगितल्याप्रमाणे खाल्ला, आणि मशीनने आकडा दाखवला. राहुल म्हणाला, "पांढरा सरळ जिंकला मास्टर. काळ्याचं काही उरलंच नाही. घोडा घातला वाया."

ऐकलंस? घोडा घातला वाया. मशीनला ना मी भाऊ, ना तू. मी त्या पोराला पाच वेळा म्हणायला लावलं.

आता माझा निकाल ऐक. मंगळवारी सतरा तारखेला मी सकाळच्या गाडीने येतोय. दोघींना घेऊन जाणार. दारात आडवा आलास तर उरलेला कानही माझाच समज. पिशवीत दांडा असेल. पोलिसांत गेलास तर मी त्यांच्यासमोर मारेन, मला काय, तुरुंगात भाकरी मिळते.

हिलाल

बुधवार, ११ जून १९९७

चेतन,

हे पत्र फाडू नकोस. जपून ठेव.

काल पुन्हा राहुलकडे गेलो. मला तो डाव शेवटपर्यंत बघायचा होता. मागच्या वेळी नुसता आकडा बघितला होता, आता मला काळ्याला मात बसलेली डोळ्यांनी बघायची होती. सोबत शालिग्राम आणि गणपतला नेलं, साक्षीला म्हणून. गणपत त्या दिवशी ओट्यावर होता.

राहुलने बटण दाबलं. प्याद्याने घोडा खाल्ला. काळा राजा एक घर आला. प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि तिथे वजीर उभा राहिला.

मी ओरडलो, "ए, वजीर कुठून आणलास? ते प्यादं उंटाच्या पट्टीत आहे! तिथे उंट होतो!"

माझ्या तोंडातून गेलं ते. कोणी विचारलं नव्हतं.

राहुल म्हणाला, "उंट? जगात कुठेही वजीरच होतो, मास्टर. कुठल्याही पट्टीत." मी म्हटलं, आमच्यात नाही होत. आमच्यात ज्याच्या पट्टीत प्यादं पोचलं तोच मोहरा होतो. हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा, उंटाच्या पट्टीत उंट. गावाला तसंच खेळतात, खात्यात तसंच खेळतात, मी आज्यापासून तसंच शिकलो. त्याने हे कधी ऐकलं नव्हतं. म्हणाला, थांबा. वजीर काढला, त्या जागी उंट ठेवला आणि मशीनला पुन्हा विचारलं. आकडा शून्यावर आला. एकट्या उंटाने मात बसत नाही, हे सांगायला मशीन कशाला पाहिजे.

मग त्याने दोन चाली मागे घेतल्या आणि तुझ्या जागी बसून बघितलं. घोडा इकडे नेला तर? प्यादं वजीर होतं, हरला. तिथेच ठेवला तर? हरला. राजा धावत आणला तर? पोचत नाही, हरला. एकच चाल उरत होती. प्याद्याला त्याच्या पट्टीतून बाहेर ओढायचं, उंटाच्या पट्टीत, आणि त्यासाठी समोरच्याला खायला काहीतरी द्यायचं. खाल्लं नाही, राजा सरकवला, तरी घोडा मागे येऊन प्यादं अडवतो. राहुल म्हणाला, "हे या प्रोग्रॅमला कधीच सापडलं नसतं, त्याला नियमच दुसरा दिलाय. दिलेल्या नियमात ते बरोबर आहे." मग तो हसला, अगदी मनापासून, आणि म्हणाला, "कुणाचा डाव हा? पोरगा भारी आहे राव!"

मी त्याचे केस धरून तोंड कीबोर्डवर आपटलं. दोनदा. एक दात पडला, बटणांमध्ये रक्त गेलं. शालिग्राम आणि गणपत दाराबाहेर पळाले. राहुलने रुमाल तोंडाला लावला आणि त्यातूनच म्हणाला, "मास्टर, नियम आधी सांगायचा होता ना."

रडला नाही. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला. मी तिथे खुर्चीवर बसलो.

तू काय म्हणाला होतास ते मी आधीच्या पत्रात लिहिलं नाही. तू म्हणालास, "दादा, आते उंटच व्हई." बस्स. मला येडा ठरवलं नव्हतंस. तू हसत होतास कारण तुला ती चाल सापडली होती आणि ती मला दाखवायची होती. डाव मी शिकवला होता. पंधरा वर्षांच्या पोराला चाळीस माणसांत एकाच माणसाला काहीतरी दाखवायचं होतं, तो मी होतो. मी प्यादं उंटाच्या पट्टीत बघितलं, मला तिथल्या तिथे सगळं कळलं, आणि मी मारलं. कळलं म्हणूनच मारलं. तू मान फिरवली नव्हतीस. मी कानावरच नेम धरला होता. नंतर आठ वर्षं सांगत राहिलो की घोडा हातून पडला, आणि सांगता सांगता मलाही तसंच दिसायला लागलं.

आता तारा.

नळावर शेवाळ नाही. आमचा नळ घराच्या आत आहे, ओटा गुळगुळीत फरशीचा.

हिवाळ्यात मी योगिताला खेळ शिकवला. तुझ्यानंतर पटाला हात लावला नव्हता, पण पोरगी हट्टाला पेटली. चांगली खेळते. मेच्या सहा तारखेला जेवणं झाल्यावर दुपारी खेळत होतो. तिने हत्ती उघडा टाकला, मी खाल्ला. ती म्हणाली, "पप्पा, मी मुद्दाम दिला." आणि टाळी वाजवली. मोडका दांडा ताराने धुणं बडवायला ठेवला होता, तो जवळच होता. मी उचलला. तारा स्वयंपाकघरातून आली आणि तिने हात मध्ये घातला, "पोरले मारू नका." कोपराखालची दोन्ही हाडं गेली. आवाज आला. तो दांडा पोरीच्या डोक्यावर बसला असता.

त्याआधी काय काय झालं ते तारा सांगेल. मी प्रत्येक वेळी काहीतरी आणायचो. शेठच्या खात्यातली साडी, खायला गरम लोचो, एकदा दोघींना डुमसला समुद्रावर घेऊन गेलो, योगिताला घोड्यावर बसवलं. चारपाच आठवडे घर शांत. मला वाटायचं टळलं. त्या मशीनला मी हसलो होतो.

मी मंगळवारी येणार नाही. मी लिहून देतो, तारीख घालून सही करतो. सहा मे रोजी मी माझी बायको तारा हिचा हात दांड्याने मोडला. एकोणनव्वद साली माझा भाऊ चेतन याचा कान फोडला. हे कुणाला दाखवायचं असेल त्याला दाखव, कोर्टात दे, पोलिसांत दे. दार बंद करून बसू नका माझ्या धाकाने. मी येत नाही.

हिलाल

गुरुवार, १९ जून १९९७

चेतन,

तुला आत्तापर्यंत योगिताने सांगितलं असेल. तिने सांगितलं नसेल तर मी सांगतो, कारण ती सांगणार नाही अशी मला भीती आहे.

अकरा तारखेला लिहिलं ते खोटं नव्हतं. बुधवारी ते खरं होतं, गुरुवारी खरं होतं, रविवारपर्यंत खरं होतं. सोमवारी दुपारच्या सुट्टीत गणपत दुसऱ्या एकाशी बोलत होता, "मास्टरनी बायको दीरकडे राहस." दोघं हसले. मी हातातल्या पान्याने गणपतचं कपाळ फोडलं, चार टाके पडले. आणि मंगळवारी सकाळी मी गाडीत होतो. पिशवीत टॉवेल, टॉवेलात दांडा. मध्ये काय झालं विचारशील तर काहीच झालं नाही. मी उठलो, अंघोळ केली, स्टेशनवर गेलो. मला कोणी ढकललं नाही. पटावर आपली पाळी आली की चाल करावीच लागते, नको असली तरी. इथे माझी पाळी आहे असं कोणी म्हणालंच नव्हतं.

पिंप्राळ्यात तुझं घर शोधायला त्रास झाला नाही. छापखान्यातल्या चेतनचं घर म्हटल्यावर एका बाईने दारापर्यंत आणून सोडलं. दार सताड उघडं होतं. तसं ते का होतं ते मला तिथेच कळलं. मी येत नाही असं मीच लिहून दिलं होतं, आणि तुम्ही विश्वास ठेवला होता. तू कामावर, तारा प्लास्टर काढायला दवाखान्यात, हे त्या बाईनेच सांगितलं होतं, आणि पोरगी घरात एकटी. धाकात राहिला असतात तर कडी लावली असती.

ती खाली बसून वहीला कव्हर घालत होती. नवीन दप्तर, नवीन शाळेचा ड्रेस खुंटीला. मला बघितलं. मला वाटलं किंचाळेल, पळेल. मागचं दार उघडं होतं, ते तिने बघितलं आणि मग माझ्या पिशवीकडे बघितलं.

उठली. माठातून पाणी आणलं. एका हातात पेला होता आणि दुसरा हात तिने आधीच डोक्यावर आडवा धरला होता. मी काही बोललो नव्हतो, चेतन. पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडत होतं. मला म्हणाली, "पप्पा, मम्मी घर नही शे. माले मारनं व्हई ते आत्तेच मारी ल्या. मम्मी उनी म्हंजे ती मधमां पडस, तिना हात आजून कच्चा शे."

असं म्हणाली. हळू आवाजात, मला अडचण होऊ नये म्हणून सांगितल्यासारखं. तिने सगळ्या वाटा बघितल्या होत्या. पळाली तर मी तारासाठी थांबणार. ओरडली तर तारा धावत येणार. मग तिने स्वतःला दिलं. अकरा वर्षांची आहे ती.

मी पेला घेतला, पाणी प्यायलो. तोपर्यंत तिने डोळे मिटून घेतले होते. मी पेला उंबऱ्यावर ठेवला तो आवाज झाला, आणि त्या आवाजाने ती भिंतीला जाऊन आदळली.

मी निघून आलो. तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला वाकलो असतो तर तिला वाटलं असतं मारायला वाकलो.

आता तू म्हणशील, भाऊ सुधारला. ताराला तसं वाटू देऊ नकोस. परतीच्या गाडीत नंदुरबारला एक माणूस माझ्या जागेवर बसला होता. मी त्याला उठ म्हटलं, तो म्हणाला जरा सरका ना. मी त्याच्या तोंडावर मारलं. त्याच दिवशी. ते पाणी पोटात असताना. म्हातारा माणूस होता, मांडीवर नातवंडं होती, ती रडायला लागली आणि सगळा डबा माझ्याकडे बघत राहिला. म्हणजे मी रडलोही आहे आणि मारलंही आहे, दोन्ही एकाच गाडीत. मला स्वतःची काही खात्री देता येत नाही. आज मला शरम वाटतेय. शरम मला आधीही वाटलेली आहे, प्रत्येक वेळी, साडी आणायला गेलो तेव्हा खरीच वाटलेली.

म्हणून माझं ऐकू नकोस. मी पुन्हा पत्र लिहीन की येत नाही, तर कडी लाव. मी लिहीन की शपथ घेतलीय, तर शेजाऱ्यांना बोलावून ठेव. मी दारात रडत उभा राहिलो तर उघडू नकोस, मी रडतोही चांगला. ते अकरा तारखेचं पत्र घेऊन पोलिसांत जा, ताराला सोबत ने, आजच जा. आणि घर सोडा. दुसऱ्या गावाला गेलात तर उत्तम. योगिताची शाळा बुडेल, बुडू दे, दुसरी मिळेल. गावच्या कोणालाही नवा पत्ता देऊ नका. कोणाकडूनही मी तो काढून घेतो, तुला माहीत आहे कसा.

तिला सांग की चाल बरोबर होती. हत्ती दिल्यावर तीन चालींत मला मात होती, मी नंतर मांडून बघितलं. नको, सांगू नकोस. माझ्याकडून काहीच सांगू नकोस.

हे पत्र मी रजिस्टर पोस्टाने टाकतोय. तुम्ही तिथे असाल तर तुला सही करून घ्यावं लागेल. तसं झालं तर हे वाचून झाल्याबरोबर सामान बांध. पण मला वाटतं, मंगळवारी संध्याकाळी तारा दवाखान्यातून आली असेल, उंबऱ्यावरचा पेला तिने बघितला असेल आणि काय झालं ते पोरीला न विचारता समजून घेतलं असेल. तुम्ही त्याच रात्री निघाला असाल. मग हे तुझ्या हातात पडणारच नाही. पोस्टमन दोनदा येईल, कुलूप बघेल, पाकिटावर "घर सोडून गेले" असं लिहील आणि परत पाठवून देईल.

पाकिटाच्या मागे मी माझा पत्ता मोठ्या अक्षरांत घातलाय. मी रोज पोस्टमनची वाट बघीन. हे पत्र परत यावं, चेतन.

हिलाल